आगमनकाळात घरी मेणबत्त्या लावायच्या, त्या कशासाठी?

ताई, ख्रिस्तात सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेरी तुम्ही आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, एकेक मेणबत्ती वाढवत लावायचात. सासरी ही पद्धत नव्हती. सासूबाई म्हणतात, "आपल्यात हे कधी नव्हतं, कुठून आणलंस?" मुलं सहा आणि दहा वर्षांची, यजमानांची कारखान्यात शिफ्ट. दरवर्षी पहिल्या रविवारी हौसेनं सुरुवात होते आणि दुसऱ्यानंतर सगळं बारगळतं. आणि आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं सांगून झाल्यावर मुलांना पुढे काय सांगायचं ते सुचत नाही. या मेणबत्त्यांचा खरा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंत.

संडे स्कूल आणि घरोघरच्या कौटुंबिक प्रार्थना हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगते, मग कारणं. या चार मेणबत्त्या घराला एकत्र वाट पाहायला शिकवतात. त्यामुळे पहिल्या रविवारी पेटवलेल्या एका मेणबत्तीइतक्याच महत्त्वाच्या असतात त्या न पेटवलेल्या तीन. मुलांचं लक्ष त्यांच्याकडे वळवा. "या का नाही लावायच्या?" हा प्रश्न धाकट्याच्या तोंडून आला की समजा, आगमनकाळ तुमच्या घरात आला.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना खोडून काढू नका, कारण त्या बरोबर बोलताहेत. तुमचं सासर अहमदनगरकडच्या जुन्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, आहे. तिकडचं काम उभं केलं अमेरिकन मराठी मिशननं. त्यांचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं. ही माणसं न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतली, म्हणजे प्युरिटनांची वारस. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करण्यावर दंड ठेवला होता! शास्त्रात जे सांगितलेलं नाही ते उपासनेत नको, अशी त्यांची धारणा. पुढे ती सैल झाली, नगरच्या मंडळ्यांत नाताळ दणक्यात होऊ लागला. पण आगमनकाळाचे रविवार, जांभळा रंग, मेणबत्त्या हे त्या घराण्यातलं नव्हतंच. तुमच्या माहेरची अँग्लिकन परंपरा वेगळी. तिच्यात ख्रिस्ती वर्षच मुळी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं.

हे दोन्ही प्रवाह उत्तर भारत मंडळीत, म्हणजे आपल्या सी.एन.आय.मध्ये, एकत्र आले. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांची एकी झाली, आणि तो दिवस होता आगमनकाळाचा पहिला रविवार. सासूबाईंना हे जरूर सांगा. ज्या दिवशी त्यांची मंडळी आणि तुमची मंडळी एक झाली, त्याच दिवशी पहिली मेणबत्ती लावायची असते. या रविवारची पहिली प्रार्थना त्यांनाच करायला सांगा, असं मी सुचवेन.

एकंदर आगमनकाळ फार जुना आहे. पाचव्या शतकात, आज ज्याला फ्रान्स म्हणतो त्या भागात, टूर्सच्या बिशपांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवासाचा नियम घातला होता. म्हणजे हा काळ सुरुवातीपासून आवरून राहण्याचा, स्वतःला तपासण्याचा. जांभळा रंग त्यासाठीच. मेणबत्त्यांचं कडं मात्र अगदी अलीकडचं आहे, आणि त्याची कथा मला फार मोलाची वाटते, कारण ती वेदीपाशी सुरू होत नाही.

योहान हिनरिश विखर्न हे हॅम्बुर्गचे लूथरन धर्मसेवक. शहराच्या गरीब वस्त्यांतल्या, वाऱ्यावर सुटलेल्या मुलांसाठी त्यांनी १८३३ मध्ये शहराबाहेर हॉर्न या गावी एका जुन्या झोपडीवजा घरात आश्रम सुरू केला. त्याचं नाव 'राउअस हाउस'. तिथे त्यांनी मुलांना मोठ्या दालनात कोंबलं नाही. लहान लहान गट केले, प्रत्येक गटाबरोबर एक मोठा भाऊ राहायचा, आणि त्या गटाला ते कुटुंब म्हणायचे. डिसेंबर लागला की ही मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? अजून किती दिवस? १८३९ मध्ये विखर्न यांनी प्रार्थनेच्या खोलीत गाडीच्या चाकासारखं एक मोठं लाकडी कडं टांगलं. त्यावर वीस लहान लाल मेणबत्त्या आणि चार मोठ्या पांढऱ्या. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता. कामाच्या दिवशी एक लहान, रविवारी एक मोठी, असं करत चोवीस तारखेला सगळं कडं उजळलं.

आता ती मुलं डोळ्यांसमोर आणा. ज्यांना कोणी काही वचन दिलं नव्हतं, किंवा दिलं तर पाळलं नव्हतं, त्या मुलांना रोज संध्याकाळी दिसत होतं की सांगितलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे जवळ येते आहे. काल सात होत्या, आज आठ. देव वचन पाळतो हे व्याख्यान देऊन शिकवता आलं असतं. विखर्न यांनी ते मोजता येईल असं केलं. पुढे कड्याला देवदारासारखी हिरवी पानं लागली, चोवीसच्या जागी रविवारच्या चारच मेणबत्त्या उरल्या, आणि ही पद्धत जर्मनीतल्या घराघरांत गेली. कॅथलिक चर्चमध्ये ती विसाव्या शतकात आली. म्हणून "चर्चमध्ये लावतात, मग घरी कशाला?" असं कुणी म्हणालं तर मी उलट सांगते: चर्चनं ती घराकडून घेतली आहे. आणि तेही अशा घराकडून, ज्यातल्या मुलांना स्वतःचं घर नव्हतं.

चार नावांबद्दल. आशा, शांती, आनंद, प्रीती हा क्रम आज खूप ठिकाणी चालतो आणि त्यात वावगं काही नाही. पण तो शास्त्रातून आलेला नाही, विखर्न यांच्या कड्यातही नव्हता. वेगवेगळ्या मंडळ्या वेगवेगळी नावं देतात. कुणी संदेष्टे, बेथलेहेम, मेंढपाळ, देवदूत असं म्हणतात. सहा वर्षांच्या मुलाला 'शांती' म्हटलं की गप्प बसणं आठवतं. म्हणून मी लहान मुलांसमोर नावांऐवजी माणसं ठेवते. वाट पाहणारी माणसं.

पहिल्या रविवारी यशया संदेष्टा. त्याच्या नवव्या अध्यायात अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला असं येतं. घरातले दिवे बंद करा, दहा वर्षांच्या मुलीकडून ती दोन वचनं वाचून घ्या, आणि मग पहिली मेणबत्ती लावा. समजावून सांगायची गरज पडत नाही. मोठ्यांनी मात्र हेही ध्यानात ठेवायचं की या रविवारी चर्चमध्ये जो शुभवर्तमानाचा पाठ वाचला जातो तो बाळ येशूचा नसतो. तो असतो 'जागे राहा' असं सांगणारा, प्रभूच्या पुन्हा येण्याचा. आगमनकाळ दोन्हीकडे तोंड करून उभा आहे: जो आला त्याच्याकडे, आणि जो येणार आहे त्याच्याकडे. हे सुटलं तर मेणबत्त्या वाढदिवसाच्या तयारीपुरत्या उरतात.

दुसरा रविवार योहानाचा, बाप्तिस्मा करणाऱ्या. आणि तुमच्या घरी नेमकं इथेच सगळं बारगळतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत असंच होतं. पहिल्या रविवारी नवलाई असते, तिसऱ्या-चौथ्याला नाताळ समोर दिसतो; दुसऱ्याला काहीच नसतं. फराळ सुरू व्हायचा असतो, शाळेच्या परीक्षा असतात, कॅरल पार्टीची तालीम असते. आणि योहानाचा संदेशही गोड नाही: पश्चात्ताप करा, वाट सरळ करा. मी सुचवते ते असं. दुसरी मेणबत्ती लावण्याआधी घरातल्या प्रत्येकानं दुसऱ्या कुणाची तरी एका गोष्टीसाठी क्षमा मागायची. सुरुवात आईवडिलांनी करायची, मुलांनी नाही. "परवा मी तुझ्यावर उगाच ओरडले, मला माफ कर." एवढंच. स्पष्टीकरण नाही, 'पण तूही' नाही. ज्या घरांनी हे धरून ठेवलं त्यांचा दुसरा रविवार कधी बुडालेला मी पाहिला नाही, कारण मुलं त्याची आठवण करून देतात. आईबाबा क्षमा मागतात, हा दिवस मुलं विसरत नाहीत. सासूसुनेतही हे होऊ शकतं, पण ते आतून यावं लागतं. तुम्ही फक्त स्वतःपासून सुरुवात करा.

याच आठवड्यात योहानाचे आईबाप जखऱ्या आणि अलीशिबा यांची गोष्ट सांगावी, लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली. म्हातारं जोडपं, मूल नाही, आणि देवदूतावर विश्वास न ठेवल्यामुळे बाळाचं नाव ठेवेपर्यंत मुका झालेला बाप. पाटी मागून त्यानं तिच्यावर 'योहान' असं नाव लिहिलं हे मुलांना फार आवडतं. एका संध्याकाळी जेवताना कुणीही बोलायचं नाही, काय हवं ते पाटीवर लिहून सांगायचं, असं करून पाहा.

तिसरा रविवार आनंदाचा. जुन्या लॅटिन उपासनेत या दिवसाची सुरुवात पौलाच्या 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' या शब्दांनी होत असे, म्हणून चारपैकी एक मेणबत्ती गुलाबी असते. उपवासाच्या काळात मध्येच थोडा श्वास घेऊ दिला आहे. हा रविवार गाण्याचा करा. आपल्याकडे नारायण वामन टिळकांपासून भजनांची एवढी मोठी परंपरा आहे. पेटी असेल तर काढा, नसेल तर टाळ पुरे. इंग्रजी कॅरल मुलं शाळेत शिकतातच. घरी आजीला पाठ असलेलं एक मराठी भजन चारही आठवडे गा, म्हणजे नाताळापर्यंत ते मुलांना पाठ होईल.

चौथा रविवार मरियेचा आणि योसेफाचा. मरियेचं गीत याच आठवड्यात वाचावं. ते मुळात फार धीट गीत आहे: गर्विष्ठांची दाणादाण, सत्ताधीश सिंहासनावरून खाली, दीन वर, भुकेले तृप्त, धनवान रिकाम्या हाती. गावातली एक गरीब मुलगी हे गाते आहे. ते वाचल्यावर घरानं एक प्रश्न स्वतःला विचारायचा: नाताळाच्या फराळातला डबा कुणाकडे जाणार आहे? नातेवाईक आणि शेजारी ठरलेलेच आहेत. त्यांच्या पलीकडचं एक घर मुलांनी निवडावं आणि डबा मुलांनीच नेऊन द्यावा.

फराळाचा विषय निघालाच आहे तर सांगते. वाट पाहणं म्हणजे काय हे आपल्या मुलांना ठाऊक आहे. करंज्या तळून डब्यात गेल्या की 'नाताळापर्यंत हात लावायचा नाही' हे त्यांनी ऐकलेलं असतं; घरभर वास दरवळतो, डबा फळीवर दिसतो, आणि तरी थांबायचं. आगमनकाळाची गोडी तीच आहे. आज मुलांना थांबायची सवय उरलेली नाही. मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात येते. म्हणून कधीकधी पालक मला म्हणतात, मुलं रडतात, लावूया का चारही एकदम? नका लावू. ते रडणं काही वाईट नाही. जे हवं आहे ते येणार आहे, पण आज नाही, आणि आपण सगळे मिळून थांबलो आहोत. हे लहानपणी ज्याला कळलं त्याला मोठेपणी प्रार्थनेचं उत्तर यायला वेळ लागला की देव नाहीच असं वाटत नाही. मी या एका कारणासाठी घरोघर या मेणबत्त्यांचा आग्रह धरते.

शिफ्टचं काय करायचं? रविवारी संध्याकाळीच लावली पाहिजे असा कुठलाही नियम नाही. यजमान दुपारपाळीला असतील तर सकाळी न्याहारीआधी लावा. रात्रपाळीहून येत असतील तर ते आल्यावर. रविवार पूर्ण हुकला तर सोमवारी लावा आणि पुढे चला. सगळे जमणं हे तारखेपेक्षा मोठं. कुणी परगावी असेल, तर व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून वचन वाचून घ्या. मस्कतला राहणाऱ्या एका मुलाच्या घरी तो दरवर्षी तिसऱ्या रविवारचा पाठ तिकडून वाचतो. आणि थोडक्यात आटपा. लहान मुलं असलेल्या घरात दहा मिनिटं भरपूर होतात: एक वचन, एक भजन, एक प्रार्थना, मेणबत्ती. लांबवलेली प्रार्थना हे दुसऱ्या रविवारनंतर बंद पडण्याचं दुसरं मोठं कारण आहे. रोज संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना तुमच्याकडे असेल, तर आठवडाभर त्या वेळी तेवढ्याच मेणबत्त्या लावत राहा. पहिली मेणबत्ती चार आठवडे जळते, चौथी काहीच दिवस. शेवटी चारींची उंची उतरत्या पायऱ्यांसारखी दिसते. ती तशीच राहू द्या, सारख्या करायला नव्या आणू नका.

मेणबत्ती कोणी लावायची? पुष्कळ घरांत पहिल्या आठवड्यात सगळ्यात धाकटं मूल, मग मोठं, मग आई, मग वडील असा क्रम ठेवतात. मला उलटंही चालतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात काडी द्यायची तर तुमचा हात त्याच्या हातावर असू द्या.

"दिव्याची पूजा करायला लागलो का आपण?" असा प्रश्न काही घरांत येतो, विशेषतः कुणी हिंदू कुटुंबातून विश्वासात आलेलं असेल तर. तो प्रश्न आदरानं घ्यावा. मेणबत्तीला आपण हात जोडत नाही, तिच्यापुढे काही ठेवत नाही. ती वचनाच्या शेजारी असते, वचनाच्या जागी नाही. येशूनं स्वतःला जगाचा प्रकाश म्हटलं, त्याची ती खूण. आणि शास्त्रात ही आज्ञा नसल्यामुळे सक्तीही नाही. एखाद्याच्या विवेकाला टोचत असेल तर त्या घरानं मेणबत्तीशिवाय चार रविवार वाचन करावं, आगमनकाळ पूर्ण होतो. उलट मेणबत्तीऐवजी चार पणत्या किंवा समईच्या चार वाती लावणारी मराठी ख्रिस्ती घरंही मला ठाऊक आहेत. मला त्यात आनंदच वाटतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितली पाहिजे. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो तिथले लोक म्हणतात, यंदा आमच्याकडे नाताळ नाही, मेणबत्त्याही नाहीत. नाताळाचं समजू शकते. पण आगमनकाळ अशा घरासाठीच आहे. तो आनंद करा म्हणत दारात येत नाही. अंधार आहे, हे तो मान्य करतो. गाणं नको, सजावट नको. एक मेणबत्ती लावा, योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली सुरुवातीची पाच वचनं वाचा, गेलेल्या माणसाचं नाव प्रार्थनेत घ्या आणि उठा. शोकात असलेल्या घरांत मी याहून जास्त काही कधी करवून घेतलेलं नाही.

सामानासाठी खर्च करू नका. परातीत किंवा खोलगट ताटात धुतलेली वाळू पसरा, तिच्यात चार जाड मेणबत्त्या रोवा, भोवती हिरवळ. इकडे देवदार मिळत नाही; सुरूच्या किंवा मोरपंखीच्या फांद्या छान दिसतात आणि बऱ्यापैकी टिकतात. दर आठवड्याला बदला, कारण वाळलेली मोरपंखी चटकन पेट घेते. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या चालतील, तळाशी जांभळी फीत बांधा, वर कागद गुंडाळू नका. जर्मनीत अनेक घरांत चारही लालच असतात. पंखा बंद, पडदा लांब, आणि मेणबत्ती जळत असताना खोलीत कुणीतरी मोठं माणूस हवंच.

मधोमध पाचवी पांढरी मेणबत्ती ठेवायची असेल तर ती ख्रिस्ताची. नाताळाच्या आदल्या रात्री किंवा नाताळाच्या सकाळी लावतात. हिचा मान सासूबाईंना द्या, आणि त्या वेळी लूकच्या दुसऱ्या अध्यायातली हन्नाची ओळख करून द्या: चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, जी मंदिर सोडून जात नसे आणि बाळाला पाहून सगळ्यांना त्याच्याविषयी सांगू लागली.

तारखा दरवर्षी बदलतात, तेवढ्या आधी पाहून ठेवा. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येतो, त्यामुळे आगमनकाळ कधी २२ दिवसांचा तर कधी २८ दिवसांचा असतो. २०२३ मध्ये चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच आला होता. सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री नाताळ. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, म्हणजे नागपूरच्या एकीच्याच तारखेला, आणि चौथा २० डिसेंबरला. चौथ्या मेणबत्तीनंतर नाताळापर्यंत मध्ये पूर्ण चार दिवस मिळतात. डबा पोचवायचं काम त्यातल्या पहिल्या दोन दिवसांत उरका, नंतर घरात पाहुणे येऊ लागतात.